राउटरचा मिनी यूपीएस: घरून काम करणाऱ्यांनी घ्यावा का, आणि घेतला तर कोणता

लाइट जाते दहा सेकंद, काम जातं पाच मिनिटांचं. हे गणित ऑफिसात बसणाऱ्याला कळत नाही, कारण तिथे खाली जनरेटर असतो आणि सर्व्हर रूममध्ये यूपीएस. घरी मात्र पंखा थांबायच्या आत वीज परत आली, तरी फायबरचा बॉक्स बंद पडलेलाच असतो. तो आधी स्वतः सुरू होणार, त्याला एखाद-दोन मिनिटं. मग केबलवाल्याच्या, म्हणजे नेट देणाऱ्याच्या, यंत्राकडे त्याची नोंद होणार. मग पीपीपीओई लॉगिन, म्हणजे केबलवाल्याने दिलेल्या नाव-पासवर्डने नेटला जोडणं. जुनं सेशन तिकडे अजून जिवंत दिसत असेल तर तेही पहिल्या झटक्यात होत नाही. राउटर वेगळा असेल तर त्याचं वायफाय यायला आणखी वेळ, आणि ५ गिगाहर्ट्झला डीएफएस, म्हणजे रडारही वापरतं असं चॅनेल लावलेलं असेल तर तो आधी साठ सेकंद रडारची चाहूल घेत बसणार. एवढं सगळं झालं की ऑफिसच्या जाळ्यात शिरायचा व्हीपीएन, त्याचा ओटीपी, आणि मग मीटिंगमध्ये परत येऊन ‘सॉरी, लाइट गेली होती.’

दिवसातून दोनदा हे झालं की समोरच्याच्या मनात तुमच्या कामाबद्दल नाही, तुमच्या भरवशाबद्दल शंका येते. घरून काम करण्यातली मोठी अडचण अशी क्षुल्लक दिसणारी असते. तिच्यावर साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत मिळणारा उपाय म्हणजे राउटरचा मिनी यूपीएस. निकाल आधीच सांगतो: वस्तू घेण्यासारखी आहे, पण जाहिरातीतला आकडा आणि डब्यावरचा फोटो बघून घेतली तर निम्म्या वेळा चुकीची येते.

आत असतं काय

टिफिनच्या छोट्या डब्याएवढी पेटी. आत १८६५० मापाचे तीन किंवा चार लिथियम-आयन सेल, त्यांना चार्ज करणारं आणि जपणारं सर्किट, आणि बाहेर १२ व्होल्ट डीसी देणारी वायर. काही मॉडेलना ९ व्होल्टचं आणि ५ व्होल्ट यूएसबीचंही आउटपुट असतं. संगणकाच्या यूपीएसमध्ये बॅटरीच्या डीसीचे २३० व्होल्ट एसी होतात आणि मग राउटरचा अडॅप्टर त्याचे परत १२ व्होल्ट डीसी करतो. या दुहेरी फेऱ्यात बरीच वीज वाया जाते. मिनी यूपीएस तो फेरा टाळतो. म्हणूनच इतक्या छोट्या पेटीवर राउटर दोन-चार तास चालतो, आणि वीज जाण्या-येण्याच्या क्षणी त्याला पत्ताही लागत नाही.

घरात इन्व्हर्टर आहे, मग हे कशाला, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर इन्व्हर्टरच्या मागच्या छोट्या स्विचमध्ये आहे. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये बदल काही मिलिसेकंदांत होतो आणि राउटरच्या अडॅप्टरमधला कपॅसिटर तेवढं सांभाळून घेतो. पण या मोडमध्ये लाइनचा व्होल्टेज साधारण १८० ते २६०च्या बाहेर गेला की इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. जिथे संध्याकाळी व्होल्टेज १६०-१७० पर्यंत बसतो तिथे बॅटरी सारखी खर्ची पडते. म्हणून वायरमन किंवा इन्व्हर्टरवाला तो स्विच गुपचूप दुसऱ्या, रुंद मर्यादेच्या मोडवर टाकून जातो. तिथे बदलाला जास्त वेळ लागतो. दिव्याची नुसती उघडझाप दिसते, राउटर मात्र नव्याने सुरू होतो. तेव्हा आधी तो स्विच बघा. व्होल्टेज नीट असेल आणि यूपीएस मोड चालत असेल तर दीड हजार वाचले. नाही तर इन्व्हर्टर असलेल्या घरातही मिनी यूपीएस हवा, आणि तो इन्व्हर्टरच्याच प्लगवर लावायचा. मग इन्व्हर्टरने पाच मिलिसेकंद घ्यावे की पाचशे, फरक पडत नाही.

एमएएचचा फुगवटा

खोक्यावर ठळक छापलेलं असतं: ६००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास. खरेदीदार मोबाइलच्या पॉवर बँकेशी तुलना करतो आणि खूश होतो. हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेला असतो, राउटरला लागणाऱ्या १२ व्होल्टला नाही. २००० एमएएचचे तीन सेल म्हणजे ६ अँपिअर-तास गुणिले ३.७, म्हणजे २२.२ वॉट-तास. सर्किटमधली गळती धरली तर हाती १८-१९ वॉट-तास येतात. १२ व्होल्टच्या भाषेत हे ६००० नव्हे, जेमतेम १६०० एमएएच.

आता खर्चाची बाजू. अडॅप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलेलं असलं तरी बॉक्स सतत १८ वॉट खात नाही. ती कमाल मर्यादा आहे. वायफाय असलेला एकटा फायबर बॉक्स रोजच्या वापरात साधारण ६ ते ९ वॉट घेतो. ७ वॉट धरले तर वरची पेटी अडीच तासांच्या आसपास चालेल. फायबर बॉक्स वेगळा आणि राउटर वेगळा अशी जोडी असेल, दोघांचे मिळून १३ वॉट होत असतील, तर दीड तासाच्या आतच संपेल. चार सेलांची, १०४०० एमएएच लिहिलेली पेटी घेतली तर ३८ वॉट-तासांतले बत्तीसेक वापरता येतात. एकट्या बॉक्सला साडेचार तास, जोडीला अडीच तास. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी दिवसभर वीज बंद राहते तेव्हा तीन सेलांची पेटी दुपारच्या जेवणाआधीच मान टाकते. गुरुवारीही काम असणाऱ्यांनी चार सेलांच्या खालचं बघूच नये.

‘चार तास बॅकअप’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला विचारा: किती वॉटला? उत्तर आलं नाही तर सेलची संख्या आणि प्रत्येकाची क्षमता विचारा, हिशेब स्वतः करा. सामान्य १८६५० सेल २००० ते ३००० एमएएचचा असतो. तीन सेलांच्या पेटीवर १५००० एमएएच लिहिलेलं दिसलं तर तो डबा जिथे होता तिथे ठेवून द्यावा.

व्होल्ट, अँपिअर आणि पिन

घेण्याआधी राउटर आणि फायबर बॉक्स, दोन्हींच्या अडॅप्टरचे फोटो काढा. व्होल्टेज तंतोतंत जुळलं पाहिजे. बहुतेक बॉक्स १२ व्होल्टचे असतात, पण स्वस्तातले बरेच राउटर ९ व्होल्टचे असतात आणि काही ५ व्होल्टचे. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो लगेच मरेलच असं नाही. कित्येकदा महिनाभर चालतो, तापतो आणि मग जातो, त्यामुळे दोष भलत्यावरच जातो. अँपिअरचं उलट: यूपीएसचा आकडा राउटरच्या आकड्याएवढा किंवा जास्त असावा. १ अँपिअरच्या यूपीएसवर १.५ अँपिअरचा बॉक्स लावला तर रोज चालेलही. पण सुरू होतानाच्या झटक्याला यूपीएस कमी पडतो आणि बॉक्स चालू-बंद, चालू-बंदच्या फेऱ्यात अडकतो. एका यूपीएसवरून वाय आकाराच्या वायरने दोघांना वीज द्यायची तर दोन्हींचे अँपिअर बेरीज करून बघा, आणि दोन्ही १२ व्होल्टचेच हवेत. ९ आणि १२ एका वायरवर नाही.

पिनचा घोटाळा सगळ्यांत फसवा. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर दिसतात, पण आतलं भोक एकाचं २.१ आणि दुसऱ्याचं २.५. राउटरच्या जॅकमधली दांडी २.१ची असेल आणि यूपीएसची पिन २.५ची, तर ती आत जाते, दिवेही लागतात, पण सैल बसते. मग शेजारून कपाटाचं दार आपटलं तरी राउटर रीस्टार्ट. लोक केबलवाल्याकडे तक्रार करत राहतात. पिन बसवल्यावर वायर हलकेच हलवून बघा, दिवा लुकलुकला तर पिन चूक. मधला भाग पॉझिटिव्ह असल्याची खूण अडॅप्टरवर छापलेली असते, तीही जुळवा.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर जुना अडॅप्टर खिशात टाकूनच जा. दुकानदार पिन घालून दाखवतो आणि जुळत नसेल तर वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर तिथेच देतो. ऑनलाइन घेतल्यावर याच कन्व्हर्टरसाठी पेटी तीन दिवस पडून राहते.

दोन जाती, आणि त्यांची दुखणी

पहिल्या जातीचा यूपीएस राउटरच्या मूळ अडॅप्टरवरच चालतो: भिंतीतून अडॅप्टर, अडॅप्टरमधून यूपीएस, यूपीएसमधून राउटर. दुसऱ्या जातीची थेट २३० व्होल्टची वायर असते, जुना अडॅप्टर बाजूला पडतो.

पहिली जात सुटसुटीत आहे आणि अडॅप्टर बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण तिचं एक दुखणं फार कमी जणांच्या लक्षात येतं. बॅटरी पूर्ण उतरल्यावर लाइट येते तेव्हा त्या एकाच अडॅप्टरवर दोन भार पडतात, राउटर चालवणं आणि रिकामे सेल भरणं. राउटरला ०.६ अँपिअर आणि चार्जिंगला १ धरला तर १.६ झाले. अडॅप्टर १ अँपिअरचा. तो तापतो, व्होल्टेज पाडतो, राउटर सारखा रीस्टार्ट होतो. नेमकं लाइट आल्यावर नेट बंद पडतं आणि कोणालाही यूपीएसची शंका येत नाही. उपाय सोपा आहे: १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर वेगळा घ्यायचा. अडीच-तीनशे रुपये जातात, पण ते यूपीएसच्या किमतीतच धरायला हवेत.

दुसरं दुखणं अगदी स्वस्त पेट्यांचं. त्यांत तीन सेल ओळीने जोडून ते जवळजवळ थेट आउटपुटला दिलेले असतात, मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट नसतं. पूर्ण भरलेल्या तीन सेलांचे १२.६ व्होल्ट होतात, उतरता उतरता ते ९ पर्यंत येतात. बरेच राउटर आत ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालतात, म्हणून दहापर्यंत कुरकुर न करता चालून जातात. फायबर बॉक्स मात्र कधी कधी आधीच हात टेकतो आणि बॅटरीचा शेवटचा तिसरा हिस्सा वापरताच येत नाही. त्यातही अशी पेटी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर भरायची असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही, कारण १२मधून १२.६ निघत नाहीत. आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट लागतं. ते आहे की नाही हे खोक्यावरून कळत नाही. साध्या मल्टिमीटरने कळतं: भरलेल्या आणि अर्ध्या उतरलेल्या पेटीचं आउटपुट मोजा. दोन्ही वेळा १२च्या आसपास हललं नाही तर पेटी चांगली. १२.४चे ११ झाले तर परत करायची मुदत बघा.

भारतात रेझोनेट, ओकटर, क्यूझर अशी नावं या वस्तूत दिसतात, शिवाय नावगावच नसलेल्या शेकडो पेट्या. नावापेक्षा लेबल वाचणं बरं. लिथियम सेलना आयएस १६०४६ची नोंदणी लागते. आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असावा. तो नसेल तर पाचशे रुपये वाचवण्याच्या नादात चोवीस तास प्लगला असणारी लिथियम बॅटरी घरात कोण ठेवणार?

लावल्यावर पहिल्या दिवशी

पहिल्यांदा सात-आठ तास चार्ज होऊ द्या. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारत राहा (पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१), दुसरीत बाहेरच्या नेटवरच्या गूगलच्या ८.८.८.८ला. आता यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढा. दोन्ही खिडक्यांत एकही ओळ चुकता कामा नये. चुकली तर पिन सैल आहे किंवा पेटी बदलाला वेळ घेते आहे. नंतर घड्याळ लावून पूर्ण उतरू द्या. तो वेळ हाच तुमचा खरा बॅकअप. खोक्यावरचा आकडा विसरा.

याच चाचणीचा शेवटचा टप्पा लोक सोडतात. बॅटरी पूर्ण मेल्यावर प्लग परत लावा आणि काहीही न दाबता राउटर सुरू होतो का ते बघा. काही पेट्यांना बटण दाबल्याशिवाय आउटपुट येत नाही. तुम्ही घरी असताना ठीक आहे. गावाकडे आई-वडिलांच्या घरी पेटी लावून तुम्ही शहरातून त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणार असाल तर असलं बटण डोकेदुखी ठरतं.

पुढची चाचणी तुमच्या हातात नाही. स्वतःचा प्लग ओढून फक्त स्वतःचं घर तपासलं जातं. सगळ्या भागाची लाइट जाईल तेव्हा खरा निकाल लागतो. फायबरमध्ये केबलवाल्याच्या मुख्य यंत्रापासून, म्हणजे ओएलटीपासून, तुमच्या घरापर्यंत मध्ये फक्त काचेची तार आणि प्रकाश वाटून देणारा स्प्लिटर असतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. त्यामुळे ओएलटीला बॅटरी असेल तर अख्खं गाव अंधारात असलं तरी नेट चालतं. पण सगळ्या केबलवाल्यांचं जाळं असं शुद्ध नसतं. काही सोसायट्यांत फायबर जिन्याखालच्या डब्यापर्यंत येतो आणि तिथून घरापर्यंत स्विच लावून लॅनची वायर. त्या स्विचला सोसायटीच्या मीटरवरून वीज. ती गेली की तुमचा मिनी यूपीएस नुसता दिवे लावून बसतो. तेव्हा खरेदीआधी केबलवाल्याला दोनच प्रश्न विचारा: मध्ये कुठे विजेवर चालणारा स्विच आहे का, आणि ओएलटीचा बॅकअप किती तासांचा? लाइट गेल्यावर बॉक्सवरचा पॉन (PON) दिवा हिरवा स्थिर आणि सिग्नल तुटल्याचा एलओएस (LOS) दिवा विझलेला राहिला तर लाइन जिवंत. एलओएस लाल लुकलुकू लागला तर प्रकाशच येत नाही, आणि त्याला घरात कोणताही यूपीएस उपाय नाही.

कोकणात राहून काम करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, घरून काम नव्याने सुरू झालं होतं तेव्हा. श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज यायला दिवस नव्हे, आठवडे गेले. अशा वेळी दोन तासांची पेटी काय करणार? तिची धाव रोजच्या ट्रिपपर्यंत, डीपीवरच्या फ्यूजपर्यंत आणि वळवाच्या पावसापर्यंत. मुंबईकरांनीही फार हसू नये. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी ग्रिड कोसळून तिथलीही वीज गेली होती.

वळवाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये तो बहुधा दुपारनंतर, संध्याकाळी येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसहा झालेले असतात. म्हणजे ढग आणि क्लायंट एकाच वेळी. पश्चिम महाराष्ट्रात गावातून परदेशी टीमसोबत काम करणाऱ्याला ही पेटी सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती याच दोन महिन्यांत. आणि एक फायदा जाहिरातीत कोणी लिहीत नाही: विजा कडकडू लागल्या की यूपीएसचा प्लग भिंतीतून सरळ काढून ठेवा आणि लॅपटॉपचाही. राउटर पेटीवर, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर, फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, आणि काम चालू. फक्त घरात येणाऱ्या फायबरच्या वायरीला आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते, ती बॉक्सपर्यंत आणलेली नसावी, बाहेरच कापून टाकलेली असावी. लॅनची लांब वायर गच्चीवरून आलेली असेल तर मात्र ती उपटून ठेवा. वादळात पोर्ट जळतात ते तिच्यामुळे.

पेटी काय करत नाही

ती लॅपटॉप चालवत नाही, मॉनिटर चालवत नाही, पंखा तर नाहीच. लॅपटॉपची बॅटरी जुनी होऊन चाळीस मिनिटांवर आली असेल तर आधी ती बदला. चार तास नेट आणि पाऊण तास लॅपटॉप, याला काही अर्थ नाही. मळ्यात घर असेल, लाइट शेतीच्या फीडरवर असेल आणि रोज तासनतास बंद राहत असेल तर इन्व्हर्टरच हवा. २८-३० वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा, १० वॉटचा दिवा, २५ वॉटचा मॉनिटर आणि ६० वॉटचा लॅपटॉप असे सव्वाशे वॉट होतात. १५० अँपिअर-तासांच्या एका ट्यूब्युलर बॅटरीवर इन्व्हर्टरची स्वतःची खादाडी धरूनही सात-आठ तास निघतात. जुना ७५ वॉटचा पंखा ठेवलात तर त्यातले दोन तास वाऱ्यावर.

नेटची दुसरी वाटही ती देत नाही, आणि इथे वस्तूपेक्षा सवय कामाला येते. लाइन तुटली तर मोबाइलचा हॉटस्पॉट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. डेटाचा हिशेब क्वचितच कोणी करतो. ७२० पिक्सेलच्या व्हिडिओ कॉलला वर आणि खाली साधारण १.२-१.२ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला जवळजवळ १ जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक दीड तासातच संपतो. नुसत्या आवाजाला तासाला शंभर एमबीसुद्धा लागत नाहीत. म्हणून हॉटस्पॉटवर येताच पहिलं काम कॅमेरा बंद. दुसरं, विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला मीटर्ड, म्हणजे मोजका डेटा असलेलं कनेक्शन म्हणून आधीच खूण करून ठेवायची, नाही तर पडद्यामागे अपडेट डेटा खाऊन टाकतात. अख्ख्या भागाची लाइट गेली की सगळे शेजारी त्याच टॉवरवर धाव घेतात, तेव्हा वेग पडणारच. मीटिंगचा डायल-इन नंबर, म्हणजे साध्या फोन कॉलने जोडायचा नंबर असेल तर तो फोनमध्ये आधीच सेव्ह असावा.

मोठी फाइल चढवायची, डेमो दाखवायचा, सर्व्हरवर बदल करायचा अशी कामं वीज बंद असण्याच्या दिवशी सकाळी लवकर उरकणं हेही घरून काम करण्याचं कौशल्यच. महावितरणकडे मोबाइल नंबर ग्राहक क्रमांकाशी जोडलेला असेल तर नियोजित बंदचा एसएमएस आदल्या दिवशी येतो. तो जोडून घ्यायला आणि तक्रारीला १९१२ आहेच. एसएमएस आला की टीमच्या गटात एक ओळ टाकून ठेवायची: उद्या दहा ते तीन लाइट नाही, कॉलवर असेन पण कॅमेरा बंद. आधी सांगितलेली अडचण नियोजन ठरते, नंतर सांगितलेली सबब. ऑफिसात हे कोणाला सांगावं लागत नाही, घरून काम करताना सांगितल्याशिवाय कोणाला दिसत नाही.

तापमान, आयुष्य, विल्हेवाट

पेटी राउटरच्या डोक्यावर ठेवायची नाही. दोघंही तापतात आणि सदैव पूर्ण भरलेला लिथियम सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो. टीव्हीच्या बंद कपाटात, पडद्यामागे, गादीखाली तर नाहीच. भिंतीवर दोन खिळ्यांवर, हवा लागेल अशी लावा. विदर्भात मे महिन्यात घरातच चाळीसच्या जवळ पारा असतो, तिथे दोन वर्षं नीट गेली तरी पुष्कळ. थंड, मोकळ्या जागी तीन वर्षं धरायला हरकत नाही. महिन्यातून एकदा प्लग ओढून अर्धा तास चालवा आणि पेटीवर कागदी पट्टी चिकटवून तारीख व मिनिटं लिहा. पहिल्या दिवसाच्या साठ टक्क्यांखाली आकडा आला की बदलायची वेळ झाली.

सीसीटीव्हीचा कॅमेरा, सेट टॉप बॉक्स असली पोटभाडेकरू मंडळी तिच्यावर चढवू नका. पेटी फुगली, वास आला, हात लावल्यावर चटका बसला, तर त्याच क्षणी प्लग काढून मोकळ्या जागी ठेवायची. उघडून सेल बदलायचा उद्योग स्पॉट वेल्डिंग येणाऱ्यानेच करावा. सेलवर थेट सोल्डर मारणं म्हणजे त्याला डाग देणं. मेलेली पेटी ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, त्यामुळे कंपनीला विचारायला संकोच नको.

कोणी घेऊ नये तेही सांगायला हवं. ज्यांच्या सोसायटीच्या जनरेटरवर घरातले प्लगसुद्धा आहेत त्यांना जनरेटर सुरू होईपर्यंत राउटर बंद पडू नये एवढ्यापुरताच उपयोग. तीन सेलांची, सर्वांत स्वस्त पण आर क्रमांक असलेली पेटी पुरे. ज्यांचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर सुखाने चालतो त्यांना गरजच नाही. जिथे केबलवाल्याचा स्विच आधी मरतो तिथे पैसे पाण्यात. उरलेल्यांनी १२ व्होल्ट, किमान २ अँपिअर, चार सेल, स्थिर आउटपुट आणि एक वर्षाची वॉरंटी बघून घ्यावी. जीएसटीचं पक्कं बिल मागा. वॉरंटीला तेच लागतं, आणि कंपनी घरच्या इंटरनेटचे पैसे देत असेल तर त्याच बिलासोबत हेही लावून बघायला हरकत नाही.